सहा गठ्ठे आणि एक इनबॉक्स

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मी नोकरीची शेवटची नऊ वर्षे काढली. छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक, त्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि प्रत्येक गाठीत अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी: तालुका, वर्ष, विषय. ज्याची चिठ्ठी शाबूत, तो गठ्ठा पाच मिनिटांत हाती यायचा. चिठ्ठी गळून पडली असेल तर अख्खा दिवस जायचा.

एकदा एक वयस्क बाई आल्या. नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीच्या एका जुन्या आदेशाची नक्कल त्यांना हवी होती. साल माहीत होते, क्रमांक नव्हता. बारनिशीच्या नोंदवहीत नोंद सापडली, पण कागद जागेवर नव्हता. तो सापडला चौथ्या दिवशी, भलत्याच गठ्ठ्यात. सभांच्या सूचना, रजेचे अर्ज, कुठल्याशा कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिका, पोचपावत्या, असा तो गठ्ठा होता. वर्षभरात नष्ट करायला हवेत असे ते कागद पंचवीस वर्षे कुणी वेगळे काढले नव्हते, आणि त्यांच्या पोटात हा आदेश गेला होता. कसरीने त्याचा एक कोपरा खाल्ला होता. सही आणि शिक्का तेवढा वाचला. त्या बाई चारही दिवस एसटीने येऊन दुपारपर्यंत बाकावर बसून असायच्या.

ईमेलच्या पसाऱ्यावर ही पुस्तिका लिहायला घेतली तेव्हा मला सगळ्यात आधी तो गठ्ठा आठवला.

आपला इनबॉक्स असाच भरतो. मेल येतो, आपण उघडतो, वाचतो, 'नंतर बघू' म्हणून बंद करतो. तो तिथेच राहतो. त्याच्यावर दुसरा येतो, तिसरा येतो. विजेचे बिल, दुकानाची सवलत, मुलीच्या कॉलेजचे पत्र, ओटीपी, सोसायटीची नोटीस, मावसभावाने पाठवलेले लग्नाचे फोटो, सगळे एकाच थप्पीत. या पुस्तिकेतून मला जे सांगायचे आहे ते एवढेच की इनबॉक्स ही आवक आहे. टपाल आले की ज्या मेजावर ठेवतात ते मेज. तिथे कागद यावा, त्याचे काय करायचे ते ठरावे आणि तो तिथून हलावा. आपण त्या मेजाचे कपाट केले, पुढे कपाटाचा माळा केला. आता जागा संपली असे फोन सांगू लागला, तेव्हा आपण घाबरून हाताला येईल ते पुसत सुटतो.

ही सवय आपल्याला कशी लागली ते पाहण्यासारखे आहे.

ईमेल १९७१ सालचा. रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव वेगळे दिसावे म्हणून मधे ॲटचे चिन्ह घातले. नको असलेली पत्रेही फार मागून आली नाहीत. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम पाठवले. पुष्कळांनी तक्रारी केल्या. न मागता आलेल्या जाहिरातीचा तो पहिला ईमेल मानला जातो. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ ला, साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि ईमेलचा पत्ता फुकट मिळू लागला.

त्या हॉटमेलमध्ये सुरुवातीला जागा होती २ एमबी. आजच्या फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात बहुधा मावणार नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसलेल्या माणसाला आधी जुने मेल पुसावे लागत, मगच नवे यायला वाट होई. कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे तिथल्या तिथे ठरवावेच लागे. अडचणीपोटी का होईना, शिस्त होती.

मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आले, १ जीबी जागा घेऊन. हॉटमेलच्या त्या पहिल्या जागेच्या पाचशेपट. तारीख एप्रिल फूलची, त्यामुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली होती. गूगलचा सांगावा होता की आता पुसत बसू नका, हवे तेव्हा शोधा. शोधण्याची सोय खरोखरच उत्तम होती आणि आहे. मी रोज वापरते. पण त्या दिवसापासून 'हा कागद ठेवायचा की टाकायचा' हा प्रश्न स्वतःला विचारणे आपण सोडून दिले. पत्रे यायची थांबली नाहीत.

आणि शोध उपयोगी पडतो तो काय शोधायचे हे ठाऊक असणाऱ्याला. जे पत्र आल्याचेच आपल्याला माहीत नाही, ते आपण शोधणार कसे? हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची तीन स्मरणपत्रे आली होती. २०१३ पासून जीमेल काही पत्रे आपणहून जाहिरातींच्या टॅबमध्ये सरकवते, तिथे सणाच्या सवलतींच्या ढिगात ती पडून राहिली. मुदत गेली, वाढीव मुदतही गेली, पॉलिसी खंडित झाली. नवी काढताना मधुमेहासाठीचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजायला लागला. आधीची सहा वर्षे वाया गेली. विमा कंपनीने पत्रे पाठवली होती, ती पोचली होती, माझ्याच खात्यात होती. अभिलेख कक्षातल्या त्या बाईंचा आदेशही असाच आमच्याच रॅकवर होता.

यावरचा उपाय मला बाहेर शोधावा लागला नाही. तो महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आधीपासून होता. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी आणि दप्तर यांत जी सुधारणा केली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली. २०१७ साली पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम काढली, तेव्हा लिपिकांनी आपापल्या कपाटातले कागद पुन्हा एकदा उपसले. या सगळ्यात कामाला येणारी जुनी रीत म्हणजे सहा गठ्ठे पद्धत. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची 'ड' पत्रे. सातवा गठ्ठा नाही. 'नंतर बघू' असा गठ्ठा तर नाहीच.

बाहेरच्या लोकांना ही रीत कोरडी वाटते. मला ती फार शहाणी वाटते, कारण ती कागद कुणाकडून आला हे विचारत नाही, कागद आपल्याकडे काय मागतो ते विचारते. इनबॉक्समध्ये लोक बँक, नातेवाईक, ऑफिस, शाळा असे फोल्डर करतात आणि महिनाभरात कंटाळतात. बँकेच्या फोल्डरमध्ये आज उत्तर द्यायचे पत्रही असते आणि दहा वर्षांपूर्वीची जाहिरातही, मग त्या फोल्डरने साधले काय?

पहिला गठ्ठा प्रलंबितचा. ज्यावर मला काहीतरी करायचे आहे, ती पत्रे. इनबॉक्समध्ये राहायचा हक्क असलाच तर यांना. डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली आलेल्या आपल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात दोन मिनिटांचा नियम सांगितला आहे: दोन मिनिटांत उरकेल ते काम बाजूला ठेवू नये, तिथल्या तिथे करावे. आमच्या कचेरीतले जुने अव्वल कारकून पुस्तक न वाचता हेच करत. पोच द्यायची असेल तर पत्र हातात असतानाच देत, मगच चहाला उठत.

दुसरा गठ्ठा प्रतीक्षाधीन, आणि घरोघरच्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त हानी याच्या अभावी होते असे माझे ठाम मत झाले आहे. आपण आपले काम केलेले असते, आता चेंडू दुसऱ्याकडे असतो. बिल्डरला गळतीबद्दल लिहिले. विद्यापीठाला गुणपत्रिकेतल्या नावाच्या दुरुस्तीसाठी अर्ज धाडला. दुकानदाराने पैसे परत करतो म्हणून कळवले. आपल्या मनाने ते काम संपले, म्हणून ते पत्र खाली खाली जाते. समोरच्याने काही केले नाही तर आपल्याला आठवण करून देणारे कुणी नसते. कचेरीत या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर पुढची तारीख टाकलेली असे, आणि त्या तारखेला उत्तर नसेल तर स्मरणपत्र जाई. ईमेलमध्ये हे करायला फारसे लागत नाही. 'प्रतीक्षाधीन' नावाचे एक लेबल करा, पाठवलेले पत्र त्यात टाका आणि दर शनिवारी ते लेबल उघडा. मी नाव दुरुस्तीसाठी धडपडणाऱ्या एका मुलाला हे शिकवले. त्याची चार स्मरणपत्रे तारखांसकट एका धाग्यात दिसू लागली, तेव्हा पाचव्याला उत्तर आले.

नियतकालिके म्हणजे ठरलेल्या दिवशी येणारी कामे: विजेचे बिल, विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, सोसायटीचा देखभाल खर्च. त्यांची जागा कॅलेंडरमध्ये. तारीख तिथे नोंदवली की पत्राला इनबॉक्समध्ये काही काम उरत नाही. स्थायी आदेश म्हणजे पुन्हापुन्हा उघडून पाहायचे कागद: विम्याची मूळ पॉलिसी, घराचा करार, इंडेक्स टूची पीडीएफ. हे ईमेलमध्ये ठेवूच नयेत. उतरवून घ्यावेत, नाव आणि साल घालून वेगळ्या जागी ठेवावेत, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा दाखवून ठेवावी.

पाचव्या गठ्ठ्याला आमच्याकडे म्हणत 'दप्तरी दाखल'. काम संपले, पण कागद लागेल. जीमेलमधले अर्काइव्हचे बटण नेमके हेच करते: पत्र इनबॉक्समधून हलते, पुसले जात नाही, शोधले की सापडते. इतके उपयोगी बटण, आणि पुष्कळांनी त्याला कधी हात लावलेला नसतो, कारण त्याचे काम काय ते त्यांना कुणी सांगितलेले नसते. त्यांना वाटते, पत्र एकतर समोर राहील नाहीतर नष्ट होईल.

राहिला सहावा. 'ड' पत्रे.

सरकारी अभिलेखाचे वर्ग असतात. 'अ' कायमचा. 'ब' तीस वर्षांचा. 'क' दहा वर्षांचा, त्यात 'क-१' पाच वर्षांचा. 'ड' एक वर्षाचा. कागद बंद करतानाच त्यावर वर्ग लिहायचा, म्हणजे पुढे टाकायचा की ठेवायचा यावर कुणाला डोके चालवावे लागत नाही. घरच्या ईमेलला इतके बारीक वर्ग नकोत, पण दोन गोष्टी तिथून घेता येतात. एक, नष्ट करणे हा दप्तराच्या देखभालीचाच भाग आहे. 'ड'चे गठ्ठे वेळेवर गेले नाहीत की 'अ'चे कागद सापडेनासे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरी, प्रत्येक कागदाला वय असते. ओटीपीचे वय दहा मिनिटे. पार्सल निघाल्याची सूचना पार्सल हाती येईपर्यंत. मोठ्या वस्तूची पावती हमीचा काळ संपेपर्यंत. आयकराचे कागद काही वर्षे ठेवावेत, त्यात घाई नको. दिवाळीची सवलत भाऊबीजेनंतर कुणाच्या उपयोगाची नाही.

भीती असते ती चुकीचे काही पुसले जाईल याची, आणि ती रास्त आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता दिली, तेव्हापासून ईमेल हा पुराव्याचा कागद होऊ शकतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच. तो वाद चित्रीकरणाचा होता, पण नियम ईमेललाही लागू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची ही अट आहे. आपल्यापुरता अर्थ असा: ज्या पत्रव्यवहारावरून भांडण होऊ शकते, तो छापून किंवा स्क्रीनशॉट काढून मूळ पुसू नये. नोकरी, भाडे, घरखरेदी, औषधोपचार, उधारी, यांतले मूळ मेल जपावेत.

काही जण मला दुसरा आक्षेप सांगतात. म्हणतात, ताई, पेशवे दप्तरातली चिठ्ठीचपाटी जपली म्हणून तर इतिहास कळला, मग आमची पत्रे टाकायला काय सांगता? या आक्षेपाचा मला आदर वाटतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत, वाड्यांच्या कोनाड्यांतून आणि माळ्यांवरून मोडी कागद मिळवत, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड त्यातून निघाले. ते कागद वाचले नसते तर आपण दरिद्री राहिलो असतो. पण पुण्याच्या पेशवे दप्तराकडे नीट पाहावे. तिथले कागद रुमालांत बांधलेले आहेत, विषयवार लावलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग प्रसिद्ध केले. निवडायला माणूस आणि लावलेले दप्तर, दोन्ही होते म्हणून ते कागद बोलले. आपल्या नातवंडांना पासवर्ड मिळाला तरी जाहिरातींच्या हजारो मेलमधून आजीने आजोबांना लिहिलेले पत्र वेचून काढायला कुणी सरदेसाई बसणार नाहीत. ते आपणच आज वेगळे ठेवायला हवे. शिवाय जीमेलचे खाते दोन वर्षे कुणी उघडलेच नाही तर गूगल ते बंद करून आतला मजकूर काढून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे. इनबॉक्स म्हणजे वाड्याचा माळा नव्हे, तिथे कागद शंभर वर्षे आपसूक पडून राहत नाही.

आता जागेचे. पुष्कळ वाचक ही पुस्तिका त्याचसाठी हाती घेतील.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. मागच्या पावसाळ्यात ते चिंतेत पडून आले. बँकेने पेन्शनबद्दलचे पत्र मेलवर पाठवले होते आणि ते परत गेले, असे बँकेतल्या मुलीने फोनवर सांगितले होते. गुरुजींनी दोन दिवस बसून बाराशे मेल एकेक करून पुसले होते. "ताई, बोटे दुखायला लागली, पण जागा तसूभरही वाढली नाही," म्हणाले.

वाढणार नव्हतीच. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नातवाचा लॅपटॉप उघडून आम्ही आधी हिशेब पाहिला. जीमेलची फुकटची जागा १५ जीबी आहे, पण ती एकट्या ईमेलची नाही. ड्राइव्हमधल्या फायली आणि गूगल फोटोजमधले फोटो त्याच जागेत राहतात. १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो साधारणपणे तिथे मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही तिथेच मोजला जाऊ लागला. गुरुजींच्या १५ जीबीतला मोठा वाटा व्हॉट्सॲपच्या बॅकअपचा निघाला: सुप्रभातची चित्रे, भजनांचे व्हिडिओ, तेच व्हिडिओ तीन गटांतून आलेले. साधा मजकुराचा मेल काही किलोबाइटचा असतो. एक २० एमबीचा व्हिडिओ काढला की तशा हजारभर मेलइतकी जागा होते. त्यात अटॅचमेंटची आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. १९९२ साली ठरलेल्या माइम या पद्धतीने मेलसोबत जाणारी फाइल अक्षरांत बदलून पाठवतात, आणि तसे करताना तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १५ एमबीची फाइल मेलमध्ये २० एमबीची होऊन बसते.

शिवाय गुरुजींनी पुसलेले बाराशे मेल अजून गेलेलेच नव्हते. ते ट्रॅशमध्ये होते. तिथे पत्र ३० दिवस राहते, तोवर जागाही अडवते. कचऱ्याची बादली भरली, पण दाराबाहेर नेली नाही, अशी ती स्थिती. अर्थात ते ३० दिवस आपल्या भल्याचे आहेत, चुकून पुसलेले परत घेता येते. म्हणून ट्रॅश रिकामा करण्यापूर्वी एकदा वरून खाली नजर फिरवावी.

आम्ही मग उलट्या बाजूने निघालो. आधी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले. मग जीमेलच्या शोधाच्या पट्टीत उजवीकडचे चिन्ह दाबून आकाराची चौकट उघडली आणि १० एमबीपेक्षा मोठे मेल मागितले. एकोणचाळीस निघाले. त्यांतले शाळेच्या स्नेहसंमेलनाचे आठ व्हिडिओ गुरुजींनी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, बाकीचे काढले. त्यानंतर पाठवणाऱ्याच्या नावाने शोध. एका कपड्यांच्या दुकानाचे नाव टाकले तर पाने भरून मेल आले. वरच्या चौकोनात खूण केली की समोरच्या पानावरचे ५० निवडले जातात, आणि त्याच वेळी वर एक ओळ येते: या शोधातले सगळे निवडायचे का? ती ओळ लहान असते, लोकांच्या नजरेतून सुटते. ती दाबली की शेकडो मेल एका फटक्यात निवडले जातात. बोटे दुखण्याचे कारण ती ओळ न दिसणे हे होते.

पुसण्याआधी अनसबस्क्राइब करावे, नाहीतर नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखे होते. मोठ्या संख्येने जाहिरातीचे मेल धाडणाऱ्यांनी एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी, असा दंडक गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून घातला आहे, त्यामुळे नामांकित दुकानांच्या बाबतीत हे आता सोपे आहे. पण अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या अशा दुव्याला हात लावू नये. पत्ता जिवंत आहे हे तेवढ्याने त्यांना कळते. असे पत्र न उघडताच स्पॅम म्हणून कळवावे.

इनबॉक्स शून्यावर आणा, असे सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. 'इनबॉक्स झिरो' हा शब्द मर्लिन मान यांनी २००७ च्या सुमारास रूढ केला, आणि त्यांचे म्हणणे मेलच्या संख्येबद्दल नव्हतेच, इनबॉक्स आपल्या डोक्यातली किती जागा खातो त्याबद्दल होते. त्यामुळे वाचकाने शून्याचा ध्यास धरू नये. तीस प्रलंबित पत्रे असली आणि ती तीसही आपल्याला ठाऊक असली, तर तो इनबॉक्स स्वच्छ आहे. रोज दहा मिनिटे आवक लावावी, शनिवारी प्रतीक्षाधीन पाहावे, वर्षातून एकदा 'ड' काढावे. आमच्या कक्षात याहून वेगळे काही होत नसे.

गुरुजींच्या घरी त्या दिवशी एक वेगळीच गोष्ट झाली. दुकानांची नावे संपली तेव्हा मी त्यांना म्हटले, आता माणसांकडून आलेले, न उघडलेले मेल पाहू. अशा एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. पत्र दोन वर्षांपूर्वीचे होते, कॅनडातून आलेले. लिहिणारा त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने मराठीत लिहिले होते, देवनागरीत, चुका करत. शाळेच्या १९९४ च्या हस्तलिखितात त्याने एक बैल काढला होता, ते पान कुठे असेल का, मुलीला दाखवायचे आहे, असे विचारले होते. गुरुजी काही न बोलता उठले, आतल्या खोलीतले कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते हस्तलिखित घेऊनच बाहेर आले. पान सापडले. बैलाचे एक शिंग दुसऱ्यापेक्षा मोठे होते. खाली गुरुजींच्या हस्ताक्षरात तांबड्या शाईने 'छान' लिहिलेले होते.

पानाचा फोटो काढून त्यांनी उत्तर लिहायला घेतले. चार ओळी लिहायला पाऊण तास लागला. पुसायचे राहिलेले मेल आम्ही दुसऱ्या दिवसावर टाकले.

वाचकांना विनंती आहे की या पुस्तिकेचे पहिले प्रकरण वाचण्याआधी, एकही मेल पुसण्याआधी, आपला इनबॉक्स एकदा शेवटपर्यंत खाली न्यावा. तिथे माणसाने लिहिलेले आणि उत्तर न दिलेले पत्र असेल. त्याला आज उत्तर द्यावे. बाकीचे उद्यापासून.